तीन नंबरच्या डिस्कमधलं बदक

२ डिसेंबर, सोमवार

शाळेतून घरी आले तर जिन्यात सना बसलेली. कासीमचाचांची नात. ती मला लीलाफुफी म्हणते, म्हणजे लीलाआत्या. तिच्या अब्बाला, गौसला, मी कधी राखी बांधलेली नाही, पण चाचांनी एकदा नातं ठरवलं ते ठरलं. लग्न ठरल्याचं सांगायला आली होती. मुलगा आवेज, विजापुरात औषधांच्या दुकानात असतो. निकाह सव्वीस जानेवारीला. तिच्या तोंडात साखर घातली, मग ती हळूच मुद्द्यावर आली. तिच्या अम्मी-अब्बांच्या निकाहाची पत्रिका घरात चौकटीत लावलेली आहे, चाचांच्या हातची. तिलाही तशीच हवी. "दादांच्या अक्षरात, फुफी. कॉम्प्युटरचं उर्दू नको मला."

दादा म्हणजे तिचे आजोबा, आमचे चाचा. त्यांचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं गेला. इथे गावातल्या विजापूर वेशीतल्या आमच्या प्रेसमध्ये ते कातिब होते, म्हणजे उर्दू मजकूर बोरूनं लिहून द्यायचे. मी तो स्कॅन करून कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायची. आठ वर्षं आम्ही एका खोलीत बसलो. प्रेस बंद झाला तेव्हा त्यांचे कागद रद्दीत गेले. आता त्यांचं अक्षर उरलंय ते एकाच ठिकाणी, माझ्या माळ्यावर, झिप डिस्कमध्ये. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "देते काढून." ती गेली आणि मी माळ्याकडे बघितलं. पंचवीस वर्षं झाली त्या डिस्कला हात लावून.

३ डिसेंबर, मंगळवार

शाळेच्या भांडारखोलीत एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलाय. मुख्याध्यापकांची परवानगी काढून मधल्या सुट्टीत तो जोडला. त्या डिस्का वाचणारा माझा झिप ड्राइव्ह निळ्या रंगाचा, जेवणाच्या डब्याएवढा. त्याची जाड केबल लागेल असं भोक आता नव्या मशीनला नसतंच. डिस्का पाच. फ्लॉपीसारख्याच दिसतात, पण जाडजूड. एकेकीत सत्तर फ्लॉप्यांचा माल मावायचा, त्या काळी आम्हाला कोण अभिमान. तीन नंबरवर माझ्या अक्षरात 'कासीमचाचा' असं लिहिलंय.

ती मी आधी घातली नाही. एक नंबरची घातली, तीत नुसत्या वेलबुट्ट्या आहेत. हिरवा दिवा लागला, आतून जुनी गुणगुण आली आणि मला क्षणभर त्या खोलीतला शाईचा वास आला. मग टिक. टिक. टिक. थांबेचना.

पटकन डिस्क बाहेर काढली. हे दुखणं मला माहीत आहे. टिकटिक करणारा ड्राइव्ह डिस्क बिघडवतो, आणि ती बिघडलेली डिस्क पुढच्या ड्राइव्हला बिघडवते. दोष कोणाला देऊ? इतकी वर्षं माळ्यावर गव्हाच्या पिंपाशेजारी मीच ठेवला होता त्याला.

५ डिसेंबर, गुरुवार

चाचांकडे गेले. बीबीजानचाचींनी चहा दिला, खारी दिली, आणि मी वाळले असं नेहमीप्रमाणे सांगितलं. चाचा खिडकीशी खुर्चीत. बोलणं बरंच सुधारलंय, पण मोजकं बोलतात. कोनाड्यात त्यांचे बोरू एका पेल्यात उभे आहेत, टोकं खाली करून. हात गेल्यापासून ते लिहिलेलं काही बघतच नाहीत, पेपरसुद्धा नाही, असं चाची म्हणाल्या.

पत्रिकेचं काढलं तर म्हणाले, "हात गेला, काम गेलं. छापा की मशीनचं." आणि तोंड खिडकीकडे केलं.

मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. मी काय मशीनचं छापायला आले होते? सना दाराआडून ऐकत होती. छपाईला एकतीस तारखेच्या आत द्यायला हवं, नाहीतर पत्रिका वाटणार कधी. म्हणजे माझ्याकडे पंचवीसेक दिवस आहेत आणि एक टिकटिक करणारा डबा.

८ डिसेंबर, रविवार

पहाटे स्वप्न पडलं. आमच्या गावातल्या कंबर तलावाच्या पाण्यावर चाचांची अक्षरं तरंगत होती आणि मी काठावरून त्यांना त्यांच्या नावांनी हाका मारत होते. बदक. लाट. कोयता. ती वळून बघत होती.

ही नावं मीच ठेवलेली. मला उर्दू वाचता येत नाही. चाचा शिकवतो म्हणायचे, मी उद्या-उद्या करत राहिले. मग एकेक शब्द स्कॅन केला की तो दिसतो कसा त्यावरून फाइलला नाव द्यायची आणि अर्थ चाचांना विचारून वहीत मराठीत टिपायची. ती वही कपाटात सापडली. 'लाट' म्हणजे सना. 'बदक' म्हणजे आवेज. दोन्ही आयती आहेत. वही उराशी धरून मी स्वयंपाकघरात उभी राहिले, दूध उतू गेलं.

दुपारी एकदम शंका आली. मंगळवारी मी नक्की एक नंबरचीच घातली होती ना? की घाईत तीन नंबर? मागचं पान उघडून बघितलं. एक नंबर लिहिलंय. तरी तासभर चैन पडली नाही.

संध्याकाळी सनाचा फोन. प्रेसवाल्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर तिनं विचारलं होतं. बार्शीत अनिलकुमार म्हणून एक जण आहेत, ते अजून झिपवरच काम करतात. आम्ही फोन केला तर म्हणाले, फोनवर काय कळायचं न्हाय, रविवारी या.

१५ डिसेंबर, रविवार

आजचं सविस्तर लिहिते.

सकाळची बार्शी गाडी, खिडकीची जागा. मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली तीन नंबर. वैरागपर्यंत दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कोवळं ऊन, आणि मी अर्धी झोपेत, अर्धी जागी. मधूनच वाटायचं की मी सव्वीस वर्षांची आहे आणि प्रेसला निघालेय. त्या वर्षी वडील गेले, दोघा भावांची शिक्षणं व्हायची होती. लग्नाचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे कुणी अडवलं असं नाही, विषय निघायचा आणि पुढच्या दिवाळीवर जायचा. मी फार मनावर घेतलं नाही. आता तर कुणी विचारतही नाही, तेही बरंच.

अनिलकुमार साठीचे. दुकान धान्य बाजाराच्या मागच्या गल्लीत. भिंतीला लाकडी कप्पे, त्यांत साठेक झिप डिस्का, प्रत्येकीवर चिठ्ठी: गणपती, कलश, बाशिंग, बैलजोडी. टेबलावर छोटा निळसर ड्राइव्ह, आताच्या मशीनला जोडता येणारा, वरून प्लॅस्टिकचं झाकण घातलेला. सगळं पुसून लख्ख. मी तिथेच त्या माणसावर खूश झाले.

ते माझ्यावर नव्हते. माझा ड्राइव्ह टिकटिक करतो हे मी आपण होऊन सांगितलं, आणि त्यांनी आपल्या ड्राइव्हवर हात ठेवला.

"तुमचा ड्राइव्ह आजारी म्हनता, आन् त्यातली डिस्क माझ्यात घालू? बाई, ह्यो गेला तर माझं दुकान गेलं."

मी म्हणाले ही त्यात गेलेलीच नाही. ते म्हणाले, कशावरून? त्यांचं काही चुकत नव्हतं. मग माझ्याजवळ जे होतं ते मी काढलं. ही दैनंदिनी पिशवीत होती. तीन तारखेचं पान उघडून त्यांना वाचून दाखवलं, गव्हाच्या पिंपासकट. पुढे दूध उतू गेल्याचंही वाचलं, कारण शंका आली होती हे लपवणं बरं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग डिस्क उन्हात धरून तिचं पत्र्याचं दार बोटानं सरकवून बघितलं, वास घेतला.

"शंका लिवून ठेवती ती बाई खोटं कशाला बोलंल," म्हणाले, आणि डिस्क घातली.

गुणगुण. हिरवा दिवा. मी डोळे मिटून घेतले. टिक आली नाही. उघडले तर पडद्यावर माझीच नावं ओळीनं: बदक, लाट, कोयता, शिडी. दोनशे चौदा फाइली, एकही गेलेली नाही. मी खुर्चीवर बसून रडले, त्यांनी चहा मागवला.

चहा पिताना सांगत होते की पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात चार मेले, एक तर खिशातच. झिप एकदाही नाही. फक्त धूळ नको, लोहचुंबक नको, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक डिस्क चालवायची, पडून ठेवायची नाही. ते दर अमावास्येला साठच्या साठ डिस्का फिरवतात. एकटेच बसून, सकाळी अंघोळ करून. मला हे ऐकून हसू आलं नाही. माझ्या डिस्का मी पंचवीस अमावास्या नव्हे, पंचवीस वर्षं बघितल्या नव्हत्या.

पेन ड्राइव्हवर सगळं उतरवून घेतलं. तो खिशात न ठेवता पदराला बांधला.

२१ डिसेंबर, शनिवार

आठवडाभर शाळा सुटली की सनाच्या लॅपटॉपवर पत्रिका जुळवते आहे. सुरुवातीचा मोठा मजकूर आयता मिळाला, तारखेचे आकडे मिळाले, लाट आणि बदक जागेवर बसली. हात सगळं विसरला नव्हता. शब्दांमधलं अंतर चाचा टिंबांनी मोजायचे, बोरूचं एक टिंब, दोन टिंबं. मीही तसंच मोजते.

एक गोष्ट मात्र खटकते. चाचांच्या पाटावर कागद असायचा तेव्हा बदक खिडकीकडे बघायचं हे मला पक्कं आठवतं, आणि खिडकी माझ्या उजव्या हाताला होती. इथे ते डावीकडे बघतंय, दाराकडे. आठवण ती आठवण, इतक्या वर्षांत तीच फिरली असेल. सनाला मोबाइलवर फोटो पाठवला. तिला उर्दू जेमतेम येतं, मराठी शाळेत शिकलेली. म्हणाली, "दादांचं अक्षर इतकं नक्षीदार आहे ना, मला तर एक शब्द लागत नाही. पण किती सुंदर."

'तीन समया' पण सापडली. ती मला जुनी मैत्रीण भेटल्यासारखी वाटली. डावीकडे वर तीन ठिपके, उजवीकडे तीन उंच काठ्या, जवळजवळ लावलेल्या समयांसारख्या, मधे बदकाच्या आकाराचं एक अक्षरही. त्याखाली काही ओळी, आणि मध्यावर बोटभर जागा कोरी. वहीत हिच्यापुढे अर्थ नाही. विचारलं होतं तेव्हा चाचा म्हणाले होते, "सराव हाय. जपून ठेव." बारीक रेघ, जाड रेघ, ठिपके, सगळंच त्यात होतं, म्हणून प्रेसमध्ये नवा प्रिंटर आला की मी तेच पान काढून बघायची. चाचाही यायचे बघायला. बघायचे आणि आपल्या पाटावर जाऊन बसायचे.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी. पत्रिकेचा कागद घेऊन चाचांकडे गेले.

आधी बघेचनात. सनानं कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि ती बाजूला होऊन उभी राहिली. बराच वेळ खिडकी. मग खाली बघितलं. कपाळाला आठ्या. मग कागद डाव्या हातानं उचलला, उजेडाकडे धरला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. चाची घाबरून आतून धावत आल्या. चाचा हसत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा, असं चाची नंतर म्हणाल्या.

"अगं बेटी, उलटं हाय की सगळं. निकाहाला लोकांनी आरसा घिऊन यायचं का?"

आणि मला एकदम सगळं आठवलं. प्रेसमध्ये पारदर्शक बटर पेपरवर छपाई उलटी काढायची असते, म्हणजे तो पालथा घातला की शाईची बाजू छपाईच्या पत्र्याच्या प्लेटला चिकटते आणि अक्षर धारदार उमटतं. मराठी मजकूर मी छापताना उलटा करायची. उर्दू मात्र मालकांनी स्कॅन करतानाच उलटून ठेवायला लावलं होतं, कारण सुरुवातीला एकदा मी विसरले, आणि वाचता येत नसल्यामुळे मला ते कळलंच नाही. तीनशे पत्रिका वाया गेल्या. डिस्कमधली दोनशे चौदा अक्षरं अजून त्या प्लेटची वाट बघत उलटी बसली होती. बदकाचं माझं बरोबर होतं.

लाजेनं तोंड लपवावं असं झालं, पण चाचांचं हसणं थांबेना, मग मीही हसले. तिथेच लॅपटॉप उघडून सगळं पलटलं. एकेक अक्षर कूस बदलल्यासारखं वळत होतं. सना शेजारी बसून बोटानं वाचत होती, आता तिला लागत होतं. लाट आली की ओरडायची, मी, मी.

मग 'तीन समया' आली, वळली, आणि सना वाचता वाचता थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"फुफी, ह्यात तुमचं नाव आहे. शिवलीला. खाली लिहिलंय, सिद्धप्पांची मुलगी. ही पत्रिका आहे, लग्नाची. नवऱ्याच्या नावाची जागा सोडलीय."

चाचींनी पदर तोंडाला लावला, म्हणजे त्यांना माहीत होतं. मी चाचांकडे बघितलं. ते आता हसत नव्हते.

"जागा ठिवली होती," ते म्हणाले. "तू नाव आणून दिलंच न्हाईस."

मला आधी राग आला, खरं लिहिते. कशाला हे, कोणी सांगितलं होतं? मग लाज वाटली, मग ते पान मी त्यांच्यासमोर किती वेळा छापलं ते आठवलं. प्रत्येक नव्या प्रिंटरला. शाई फिकी आहे का गडद ते बघायला. आणि ते उभं राहून बघायचे, दर वेळी, ह्या खेपेला तरी ही नाव घेऊन आली का म्हणून. माझ्या लग्नाची वाट बघणारं कुणी नाही असं मी आयुष्यभर धरून चालले होते. होतं की. मी त्याला डिस्कमध्ये घालून गव्हाच्या पिंपाशेजारी ठेवलं होतं.

रडायला आलं नाही. मी म्हणाले, "चाचा, आता ती जागा राहू दे."

त्यांनी मान हलवली. मग डावा हात पुढे केला आणि सनाच्या पत्रिकेच्या तळाला बोट टेकवलं. उर्दू पत्रिकेत खाली एक यादी असते, चश्म-ब-राह. म्हणजे ज्यांचे डोळे वाटेकडे लागलेत ते, पाहुण्यांची वाट बघणारे घरचे लोक. तिथे गौसचं नाव होतं, सनाच्या अम्मीचं, चाचींचं. चाचांचं बोट त्या ओळीच्या शेवटी होतं आणि तिथून हलत नव्हतं.

"हितं लाव," ते म्हणाले. "माझ्याच हातचं हाय. नवं लिवायला नको."

२६ डिसेंबर, गुरुवार

लावलं. तीन समया चाचींच्या नावापासून दीड टिंबावर. डोळ्यांना बरं दिसतं.

४ जानेवारी, शनिवार

पत्रिका आल्या. फिकट हिरवा कागद, काळी शाई. चाचांनी एक हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितली आणि उर्दू मजकुरात एका ठिकाणी शाई दाटलीय म्हणाले, छापणाऱ्याला चार शब्द ऐकवायला हवेत. बोरू आता पेल्यात टोक वर करून उभे आहेत. कोणी केले ते मी विचारलं नाही.

बार्शीला एक पत्रिका टपालानं पाठवली, अनिलकुमारांच्या नावानं. आत चिठ्ठी ठेवली की येत्या अमावास्येला मी तीन नंबर घेऊन येते आहे, तिलाही फिरवायला हवं. त्यांचा फोन आला. या की, म्हणाले, पर जेवून जायचं.

२५ जानेवारी, शनिवार

एक पत्रिका ह्या वहीत ठेवलीय. आज दुपारी उन्हात बसून उघडली आणि कोणाला न विचारता माझं नाव शोधलं. उजवीकडे तीन ठिपके, मग बदक, डावीकडे तीन काठ्या. बदक उजवीकडे बघतंय, खिडकीकडे. सनाला सांगितलंय की लग्नाची गडबड संपली की मला उरलेली अक्षरं शिकव. ती म्हणाली मी कुठे, दादा शिकवतील. चाचा म्हणाले, उद्या-उद्या केलंस तर बघ.

वाट बघणाऱ्यांच्या यादीत नाव छापून आलंय म्हटल्यावर पाहुण्यांच्या आधी पोहोचायला हवं. उद्या साडेनऊला दारात उभं राहायचं आहे. जांभळी इरकल इस्त्रीला टाकली होती, ती घेऊन आले.